आईच्या पायाच्या बेचक्यातला पोवळी उजेड आणि रिपोर्टमधला 'डिफ्थेरॉइड'

सड्यावरची | 14 जुलै, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये 14 वर्षं काम करते. आज लिहायला बसले ते आईच्या पायांमुळे.

आमची आवणं खाली वहाळाला लागून आहेत. लावणी सुरू झाली की आई सकाळी सातला चिखलात उतरते, ती दिवस कलता वर येते. चिखल्या दर वर्षीच्याच. रात्री मेंदी थापायची, भेगांना कोकमतेल चोळायचं, चुलीच्या धगीला पाय धरायचे. श्रावण सरेपर्यंत कातडी सुकायची. पण डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यातला पांढरट, ओलसर पापुद्रा दोन वर्षं झाली तरी हटेना. दिवाळीत हटला नाही, शिमग्यात हटला नाही. एका डॉक्टरांनी न बघताच नायटा ठरवला. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र होतं. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

शेवटी मीच पापुद्रा खरवडला, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून काचेवर पाहिला. बुरशीचे धागे कुठेच नव्हते. मग तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी खोलीत काळोख केला, हातातला जांभळट दिवा बेचक्यावर धरला. काही दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "आजी, पाय धुऊन आलात का?"

आई म्हणाली, "म्हणजे काय! तसेच घाणेरडे पाय घेऊन तुमच्यासमोर बसू?" सकाळी साबण लावून, काथ्याने घासून आली होती.

डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस शेतात जाऊ नका, त्या बोटांना पाणी लावू नका आणि अश्शाच परत या." ऐन लावणीत दोन दिवस घरी बसणं तिच्या जिवावर आलं. वाडीतल्या बायकांनी पडकईने आमचा उरलेला चोंढा लावून दिला, तेव्हा कुठे ती तयार झाली. तिसऱ्या दिवशी त्याच काळोख्या खोलीत तोच दिवा, आणि बेचक्यात पोवळ्यासारखा लालभडक उजेड. निखाऱ्यासारखा नाही, अगदी माळेतल्या पोवळ्यासारखा. आई कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. "हे माझ्या अंगात होतं?"

हा एरिथ्राझ्मा. कोरायनेबॅक्टेरियम मिन्युटिसिमम नावाचा जिवाणू कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बसतो आणि पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य बनवतो. वुड्स लॅम्पच्या, म्हणजे त्या जांभळट दिव्याच्या, अतिनील किरणात ते लाल चमकतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून पाय धुतलेल्या माणसात दिसत नाही. या आजाराचं नाव 1862 पासून पुस्तकात आहे आणि जवळजवळ शंभर वर्षं जगभर तो बुरशीचाच समजला जायचा. 1961 साली सार्कनी, टॅप्लिन आणि ब्लँक यांनी तो जिवाणू वाढवून दाखवला. माझ्या आईच्या बाबतीत झाली तीच चूक शंभर वर्षं मोठमोठ्यांकडून होत होती.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. याच कुळातले जिवाणू मी रोज पाहते. ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून काचेवर बघतो तेव्हा, जांभळ्या, एका टोकाला फुगलेल्या काड्या, विस्कटून पडलेल्या, चिनी अक्षरांसारख्या. 'कोरायनी' म्हणजे ग्रीकमध्ये सोटा, त्यावरून 1896 मध्ये हे नाव पडलं. घटसर्पाचा जंतू याच कुळातला. बाकीच्यांना आम्ही सगळे एकाच शब्दात गुंडाळतो, 'डिफ्थेरॉइड', म्हणजे घटसर्पाच्या जंतूसारखा दिसणारा. पुढे ठरलेलं वाक्य, 'बहुधा त्वचेवरून नमुन्यात आलेला'. हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल, मोजदाद नाही. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण बहुतेक म्हणजे सगळं नव्हे, आणि उरलेल्यात कोण कोण होतं, हा विचार त्या काळोख्या खोलीपासून माझी पाठ सोडत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या रिपोर्टात हा शब्द आला होता का? पुढे काय झालं? डॉक्टर मंडळींनीही लिहावं.

---

आबोली_त्वचा | 14 जुलै, रात्री 11:05

ताई, उत्तम लिहिलंत. मी याच पट्टीत 20 वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. 'चिखल्या' हा एकच रोग नाही. सतत भिजून कातडी फुगते, पांढरी पडते आणि मग तिथे जो पहिला पोचेल तो राहतो. कधी बुरशी, कधी एरिथ्राझ्मा, पुष्कळदा दोन्ही एकत्र. तिसरा प्रकार आपल्याकडे लावणीच्या दिवसांत नेहमी दिसतो आणि लोक त्याला आजार मानतच नाहीत. टाचेवर आणि चवड्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, ते एकमेकांना मिळून नक्षीसारखे दिसतात, आणि वास इतका येतो की माणूस चारचौघांत चप्पल काढायला लाजतो. याला पिटेड केराटोलायसिस म्हणतात. कोरायनेबॅक्टेरियम, कायटोकॉकस अशा जिवाणूंचं हे काम. ते केराटिन विरघळवणारं विकर सोडतात, म्हणजे तळव्याची जाड कातडी अक्षरशः खातात. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा. दिवसभर गमबूट घालणारे, मासळीच्या बर्फाच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायका, बंदोबस्ताचे पोलीस, सगळ्यांना होतो. माझ्याकडे एक मुलगा आला होता, जेटीवर काम करणारा. वासामुळे लग्नाची बोलणी पुढे सरकत नव्हती. कातडीवर लावायच्या अँटिबायोटिकने आणि पाय कोरडे ठेवून तीन आठवड्यांत बरा झाला. तीन आठवडे! आणि तो चार वर्षं तोंड लपवून फिरत होता.

त्या तीन औषधांच्या एकत्र ट्यूबबद्दल हात जोडून सांगते, स्वतःच्या मनाने लावू नका. स्टेरॉइडने खाज थांबते, त्यामुळे बरं वाटतं, पण मूळ रोग आत पसरत राहतो. हल्ली हट्टी नायटे घरोघर दिसतात, त्यात या ट्यूबांचा मोठा वाटा आहे.

आणि एरिथ्राझ्मा पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहात तो जास्त होतो. आईंची तपासलीत का?

---

सड्यावरची | 14 जुलै, रात्री 11:20

तपासली डॉक्टर, साखर ठीक आहे.

---

कुळीथ | 15 जुलै, सकाळी 7:15

माका एक इचारूचा हा. आमच्या हय पावसाच्या तोंडार जनावरांचो डॉक्टर येता नि म्हशींका, बैलांका घटसर्पाची सुई मारता. माझ्या नातवाक सुई देऊक आशाताई इली, ती पण घटसर्पाचीच म्हणान सांगता. म्हणजे ह्यो एकच रोग? गोठ्यातसून पोरांका होता की काय? गेल्या साली शेजाऱ्याची म्हस एका राती गळो सुजान मेली, नि तेंचा पोर गोठ्याच्या बाजूकच निजायचा. घरात सगळी भियालीत.

---

गोठा | 15 जुलै, दुपारी 1:40

काका, घाबरू नका. मी पशुवैद्यक आहे आणि हा प्रश्न मला दर वर्षी गावोगाव विचारला जातो. नाव एक, रोग दोन.

जनावरांचा घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जिवाणूमुळे होतो. पावसाच्या सुरुवातीला, ताण पडलेल्या जनावरांत, म्हशींत जास्त. एकाएकी सणसणून ताप, गळ्याखाली सूज, घशातून घरघर, आणि एक-दोन दिवसांत खेळ खलास. म्हणून लस पावसाच्या आधी द्यायची. माणसांचा घटसर्प कोरायनेबॅक्टेरियम डिफ्थेरियामुळे होतो, आणि तो माणसाकडून माणसाला लागतो, खोकल्या-शिंकेतून. दोघांत गळा सुजतो, श्वास कोंडतो, म्हणून जुन्या लोकांनी एकच नाव ठेवलं. म्हशीच्या लशीने पोराचं रक्षण होत नाही आणि पोराच्या लशीने म्हशीचं. दोघांना आपापली सुई हवी.

तरीही गोठ्याचा या कुळाशी काहीच संबंध नाही असं म्हणणार नाही. कोरायनेबॅक्टेरियम अल्सरन्स नावाचा एक भाऊबंद गाईगुरांत, कुत्र्यामांजरांत राहतो. त्यातले काही घटसर्पाचंच विष बनवू शकतात आणि कच्च्या दुधातून किंवा पाळीव प्राण्यांकडून माणसात आल्याच्या नोंदी परदेशांत आहेत. दूध उकळून प्या, एवढं पुरे. शेळ्यांच्या मानेला किंवा जबड्याखाली गाठ येऊन फुटते आणि आतून दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पू येतो, तो कोरायनेबॅक्टेरियम स्यूडोट्यूबरक्युलोसिस. ती गाठ उघड्या हाताने पिळू नका. तो पू गोठ्यात सांडला तर मातीत जिवाणू बराच काळ टिकतो आणि कळपातल्या दुसऱ्या शेळीला जखमेतून लागतो. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं काम करणाऱ्या माणसांनाही याच्या गाठी झालेल्या आहेत.

---

कुळीथ | 15 जुलै, दुपारी 2:05

देव बरे करो. आता घरात वाचून दाखवतंय.

---

बांधावरून | 15 जुलै, रात्री 8:30

माझं वय 74. इथे सहसा वाचतो, लिहीत नाही.

घटसर्प मी पाहिलेला आहे. 1958 चा पावसाळा. माझी मोठी बहीण, साडेनऊ वर्षांची. आधी घसा दुखतो म्हणाली, ताप फारसा नव्हता. दुसऱ्या दिवशी आजीने कंदिलाच्या उजेडात तोंड उघडून बघितलं तर घशात राखाडी साय. आजीने बोटाला फडकं गुंडाळून ती काढायचा प्रयत्न केला, रक्त आलं. मान दोन्ही बाजूंनी सुजून बैलासारखी झाली. पावसात बोटी बंद, खाडीतली तर (होडी) चालत नव्हती, डॉक्टर पलीकडच्या तीरावर. वडील दोन दिवस तरीवाल्याच्या दारात बसून होते.

ती श्वास कोंडून गेली नाही. आठवड्याने सूज उतरली, पेज मागू लागली. आईने नवस फेडायची तयारी केली. फक्त तिचा आवाज नाकातून यायला लागला होता आणि पेज प्यायली की नाकावाटे बाहेर यायची. बाराव्या दिवशी अंथरुणावर उठून बसली आणि तशीच मागे पडली. आम्ही म्हणायचो, नजर लागली. पुढे मोठेपणी एका डॉक्टरांनी मला सांगितलं, घशातला रोग बरा होत असतानाच विष हृदयाला आणि नसांना पोचलेलं असतं.

मी सात वर्षांचा होतो. तिची पाटी-पेन्सिल मला मिळाली. लशीबद्दल कुणी तक्रार करायला लागलं की मला ती नाकातून येणारी पेज दिसते.

---

सड्यावरची | 15 जुलै, रात्री 10:15

काका, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तंतोतंत खरं आहे, ते थोडं उलगडून लिहिते, कारण या कुळावरच्या संशोधनाचा पायाच तुमच्या ताईच्या आजारात आहे.

क्लेब्ज यांनी 1883 मध्ये घशातल्या त्या सायीत हा जिवाणू पाहिला, 1884 मध्ये लोफ्लर यांनी तो वाढवला. लोफ्लर एका गोष्टीने बुचकळ्यात पडले. जिवाणू सापडतो फक्त घशात, आणि बिघाड दिसतो दूरच्या अवयवांतही. मग जंतूपासून दूर काहीतरी जात असणार. 1888 मध्ये पॅरिसला रू आणि येर्सां यांनी जिवाणू गाळून काढलेलं नुसतं पाणी जनावरांना टोचलं, तरी ती तशीच मेली. ते विष. पेशीच्या आत प्रथिनं तयार करण्याचं काम हे विष बंद पाडतं, आणि एक रेणू आत शिरला तरी एक पेशी मारायला पुरतो.

बेरिंग आणि किटासातो यांनी 1890 मध्ये प्रतिविष शोधलं आणि बेरिंग यांना 1901 चं वैद्यकातलं पहिलंच नोबेल मिळालं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून उतारा काढायचा. आपल्याकडे फुरसं चावल्यावर जी लस देतात ती याच तत्त्वावर बनते. पण प्रतिविष फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष पकडू शकतं, पेशीत शिरलेलं नाही. म्हणून तपासणीच्या रिपोर्टसाठी न थांबता, नुसत्या संशयावर ते द्यायचं असतं. खाडीपलीकडचे ते दोन दिवस म्हणूनच एवढे मोलाचे होते.

आणखी एक, जे वाचून मी थक्क झाले होते. प्रत्येक घटसर्पाचा जंतू विषारी नसतो. 1951 मध्ये फ्रीमन यांनी दाखवलं की विष बनवण्याचा जनुक मुळात जिवाणूचा नाहीच, तो जिवाणूला लागण करणाऱ्या विषाणूचा आहे. विषाणू शिरला की गरीब जिवाणू विषारी होतो. त्यातही तो विष कधी सोडतो? त्याला लोह कमी पडलं की. आपल्या शरीरात मोकळं लोह फारसं नसतंच. म्हणून लॅबमध्ये जिवाणू ओळखला एवढ्यावर काम संपत नाही, तो विष बनवतो का हे वेगळं तपासावं लागतं. त्याची एलेक चाचणी 1949 ची आहे, आजही मोठ्या प्रयोगशाळांत करतात.

---

नवी_आई | 16 जुलै, सकाळी 11:30

बांधावरून काका, नमस्कार करते तुम्हाला.

माझी मुलगी 18 महिन्यांची आहे. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्र) लशी झाल्या. आता आशाताई बूस्टरसाठी मागे लागल्या आहेत आणि सासूबाई म्हणतात, मागच्या वेळी दोन दिवस तापाने फणफणली, मांडी दगडासारखी झाली, आता रोग राहिलाय कुठे? खरं सांगायचं तर माझंही मन डळमळतंय. तो रोग अजून आहे का?

---

आबोली_त्वचा | 16 जुलै, दुपारी 3:10

आहे. भारतात दर वर्षी घटसर्पाचे हजारो रुग्ण नोंदले जातात आणि जगाच्या यादीत आपला देश अनेक वर्षं सगळ्यात वर राहिलेला आहे. लस घेऊन मिळालेलं संरक्षण हळूहळू ओसरतं, म्हणून पहिल्या तीन सुयांवर थांबून चालत नाही. 16 ते 24 महिन्यांत एक बूस्टर, 5 ते 6 वर्षांत दुसरा, मग 10 आणि 16 व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. गरोदर बाईला पूर्वी नुसतं धनुर्वाताचं टीटी द्यायचे, आता टीडी देतात, त्यातला 'डी' हाच. शाळकरी मुलांचे बूस्टर आपल्याकडे सर्रास चुकतात, आणि रुग्णांत त्या वयाची मुलं दिसतात.

सोव्हिएत संघ फुटल्यावर 1990 च्या दशकात तिथे काय झालं ते आठवा. दीड लाखाहून जास्त लोकांना घटसर्प झाला, त्यात मोठी माणसं पुष्कळ. रोग गेला असं वाटत होतं तिथेच तो परत आला.

ताप येतो, मांडी दुखते, हे खरं आहे आणि त्रासाचं आहे. त्यात लशीतल्या डांग्या खोकल्याविरुद्धच्या भागाचा वाटा मोठा. तापाचं औषध वजनानुसार किती द्यायचं ते सुईच्या दिवशीच विचारून ठेवा. मांडीवर गार पाण्याची पट्टी ठेवा, चोळू नका. आकडी आली, बाळ निपचित पडलं किंवा तासन् तास न थांबता रडलं, तर लगेच दाखवा. एवढं सोडलं तर तो दोन दिवसांचा त्रास आहे.

---

नवी_आई | 16 जुलै, रात्री 9:00

काकांची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनीच बुधवारचं विचारून ठेवलं आरोग्य केंद्रात.

---

सुरंगी | 17 जुलै, रात्री 1:20

ताई, तुम्ही विचारलंत ना, उरलेल्यात कोण कोण होतं. मी होते. तुमच्या लॅबमधली नसेन, पण अशाच एका लॅबमधली.

माझं वय 33. मुलगा दोन वर्षांचा असताना डाव्या स्तनात गाठ लागली, लिंबाएवढी. दुखायची, वरची कातडी लाल. घरात सगळ्यांच्या तोंडावर एकच शब्द, जो कुणी उच्चारत नव्हतं. बायोप्सी झाली. कर्करोग नाही म्हणाले, आई देवळात जाऊन आली. रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमा' लिहिलं होतं, म्हणजे सुजेच्या पेशींचा गोळा. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षय, असं धरून गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी, तोंडाला चव नाही. पहिले दोन महिने गाठ थोडी मऊ पडली, मग शेजारी दुसरी आली आणि फुटली. दोनदा चिरा देऊन पू काढला. पू तपासायला गेला तेव्हा रिपोर्ट आला, 'डिफ्थेरॉइड, बहुधा त्वचेवरून आलेला'. तो कागद माझ्याकडे आहे.

सहा महिने मी ब्लाउजच्या आत जुन्या धोतराच्या घड्या ठेवत होते. दर दोन तासांनी बदलायच्या. बँकेत काउंटरवर बसते मी. मुलाला उराशी धरता येत नव्हतं, तो धावत यायचा आणि मी हात पुढे करून त्याला थांबवायची. तो नंतर नंतर आधीच थांबायला लागला.

पुढे मुंबईत एका डॉक्टर बाईंनी तीच जुनी बायोप्सी पुन्हा मागवली आणि वेगळा रंग देऊन पाहिली. मला सूक्ष्मदर्शकात दाखवलं त्यांनी. चरबीच्या जागी गोल गोल पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांच्या आत दोन-चार जांभळ्या काड्या. म्हणाल्या, "हा कोरायनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी. तुम्हाला क्षय नव्हता." वेगळी औषधं कित्येक महिने चालली. आता दोन व्रण आहेत, बाकी काही नाही.

मला कुणावर राग काढायचा नाही. पण इथे माझ्यासारखी कुणी वाचत असेल तर तिने विचारावं, एवढ्यासाठी लिहिलं.

---

सड्यावरची | 17 जुलै, सकाळी 6:40

सुरंगी, पहाटे उठून वाचलं. तुझा तो कागद माझ्याच हातचा असल्यासारखा वाटला.

हा जिवाणू 1998 मध्ये पहिल्यांदा वर्णन केला गेला. स्तनातल्या अशा गाठींशी त्याचा संबंध न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी त्यानंतर चार-पाच वर्षांत मांडला. तो निसटतो कसा, हे माझ्यासारख्या लॅबवाल्यांनी समजून घ्यायला हवं. त्याला चरबी लागते. स्वतःची चरबीयुक्त आम्लं तो बनवू शकत नाही, म्हणून जिवाणू वाढवायच्या आमच्या नेहमीच्या माध्यमावर टाचणीच्या टोकाएवढाही मोठा होत नाही. माध्यमात ट्वीन 80 हा स्निग्ध पदार्थ घातला तर वाढतो. आम्ही 24 तासांनी प्लेट बघतो, 'वाढ नाही' लिहितो आणि टाकून देतो. त्याला दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त द्यावे लागतात. काचेवर काड्या अगदी थोड्या असतात, त्याही फक्त त्या पोकळ्यांत. घाईत बघणाऱ्याला दिसणारच नाहीत.

क्षयाशी गल्लत होण्याला खोलवरचं कारणही आहे. ही भाऊबंदकीच आहे. क्षयाचा, कुष्ठाचा, नोकार्डियाचा आणि आपला हा जिवाणू, ही सगळी एकाच मोठ्या घराण्यातली. त्यांच्या भिंतीत मायकोलिक आम्ल नावाची मेणचट साखळी असते. कोरायनेबॅक्टेरियमची आखूड, साधारण 22 ते 36 कार्बनची, नोकार्डियाची मधली, क्षयाच्या जंतूची 60 ते 90 ची. गंमत अशी की क्रोपेनस्टेटीमध्ये ती नाहीच, घराण्यात राहून घराण्याची खूण त्याने टाकून दिली.

---

आबोली_त्वचा | 17 जुलै, सकाळी 9:25

सुरंगी, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन या जिवाणूवरही चालतं, चरबीत शिरतं. म्हणजे त्या गोळ्यांनी सुरुवातीला बरं वाटलं म्हणून क्षयच होता हे सिद्ध होत नाही. पण उलटंही लक्षात घ्या. आपल्या देशात स्तनाचा क्षय खरोखर होतो. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना एवढंच विचारा, की पुवाची क्षयासाठी जीन तपासणी झाली का, साधं कल्चर लांबवून ठेवलं का, बायोप्सीवर ग्राम स्टेन केला का. हे विचारलं म्हणून कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

---

खाडीपलीकडे | 17 जुलै, दुपारी 4:00

सगळं वाचलं आणि आता मला उलटी भीती वाटायला लागली. वडिलांच्या लघवीच्या रिपोर्टात गेल्या महिन्यात 'डिफ्थेरॉइड' आलं होतं. त्रास काही नाही. म्हणजे आता अँटिबायोटिक सुरू करायचं का? आणि हे जिवाणू अंगावर सगळीकडे असतात म्हणता, मग ते मारूनच टाकलेले बरे नाहीत का?

---

सड्यावरची | 17 जुलै, रात्री 9:45

नाही दादा, त्रास नसेल तर नुसत्या त्या शब्दावर औषध घेऊ नका. ती चूक दुसऱ्या टोकाची होईल. प्रश्न विचारायचा तो असा, की जिवाणू सापडला कुठे आणि कुणाबरोबर. नमुन्यात पू-पेशी आहेत का, तो एकटाच उगवलाय की पाच जणांबरोबर, एकाच बाटलीत आला की दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत. रक्तात, सांध्यात, मेंदूच्या पाण्यात, जिथे कुणीच असायला नको तिथे तो पुन्हा पुन्हा सापडला तर तो पाहुणा नाही. दवाखान्यात बरेच दिवस पडून असलेल्या, नळ्या घातलेल्या, कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांत याच कुळातले जाइकियम आणि स्ट्रायेटम हे दोघे गंभीर आजार करतात, आणि पुष्कळ अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत.

वडिलांच्या बाबतीत एवढंच करा. लघवी पुन्हा तपासताना पीएच (आम्लता) बघायला सांगा. युरिॲलिटिकम नावाचा एक भाऊ लघवीतला युरिया फोडतो, लघवी अल्कधर्मी होते आणि मूत्राशयाच्या भिंतीवर खड्यांची कपची धरते. पीएच साधं असेल, पू-पेशी नसतील, जळजळ नसेल, तर स्वस्थ राहा.

मारून टाकण्याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे, नको. आपल्या नाकपुडीत कोरायनेबॅक्टेरियम ॲकोलेन्स राहतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तो कातडीवरच्या तेलकट पदार्थाचे तुकडे करून ओलेइक आम्ल मोकळं करतो आणि न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस त्या आम्लात वाढत नाही. 2017 मध्ये उंदरांच्या डोळ्यात दिसलं, की मास्टिटायडिस नावाचा कोरायनेबॅक्टेरियम तिथे वस्तीला असेल तर डोळा बुरशीपासून आणि दुसऱ्या जंतूंपासून स्वतःला वाचवतो. काखेतला घामाचा वास हेही यांचंच काम, घामाला स्वतःचा वास नसतो. आणि याच कुळातला ग्लुटामिकम तर 1950 च्या दशकात जपानमध्ये सापडल्यापासून माणसाची चाकरी करतोय, अजिनोमोटो आणि कोंबड्यांच्या खाद्यातलं लायसिन त्याच्याकडूनच बनवून घेतात.

---

तिठा | 18 जुलै, सकाळी 10:10

ताई, तुमच्यासारख्या लॅबमधून काही निघू शकेल असं वाटतं का? जिवाणू नेमका कोणता हे सांगणारी यंत्रं तर मुंबई-पुण्याला.

मला वाटतं निघेल. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तालुक्याच्या दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बसून विंचूदंशाची लक्षणं टिपली, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि ते जगाने स्वीकारलं. लावणी करणाऱ्यांचे पाय आपल्याइतके कोण बघणार?

---

सड्यावरची | 18 जुलै, रात्री 10:30

तिठा, हेच दोन दिवस मनात घोळतंय. कालपासून एवढं सुरू केलंय, की पुवाच्या प्लेटा 24 तासांनी टाकत नाही, 72 तास ठेवते. रिपोर्टमध्ये 'डिफ्थेरॉइड' लिहिलं तर पुढे पू-पेशी किती आणि तो एकटाच होता का, हे लिहिते. लॅबच्या मालकांनी विचारलं, इन्क्युबेटरमध्ये जागा कुठे आहे? वरचा खण मोकळा करून दिला. नक्की ओळख पटवायला नमुना बाहेर पाठवावा लागेल, त्यासाठी ओळखीच्या एका मॅडमशी बोलणं चाललंय.

---

सुरंगी | 18 जुलै, रात्री 11:15

ताई, माझा तो जुना रिपोर्ट हवा असेल तर नाव झाकून पाठवते. शिकवायला उपयोगी पडेल.

---

सड्यावरची | 2 ऑगस्ट, रात्री 8:45

सुरंगीचा कागद मिळाला. माझ्या टेबलासमोर लावलाय.

आईला आज पुन्हा नेलं. दोन आठवडे मलम लावलं, रात्री बेचक्यात कापसाचा बोळा, शेतातून आल्यावर पाय धुऊन फडक्याने कोरडे टिपायचे. दोन दिवस पाणी न लावता गेली. खोलीत काळोख केला, दिवा धरला, बेचकं काळंच राहिलं. आईला वाटलं दिवा बिघडला. डॉक्टरांना म्हणाली, "नीट बघा, मी धुऊन नाही आले हो." मग त्यांनी तोच दिवा स्वतःच्या पांढऱ्या कोटावर धरून दाखवला, तो निळसर चमकला, तेव्हा तिची खात्री पटली.

घरी येताना एसटीत शेजारच्या काकींना सगळं सांगत होती. वाडीतल्या तिघी जणी येत्या रविवारी डॉक्टरांकडे यायच्या आहेत, आणि आई प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगून आली, शुक्रवारपासून पायाला पाणी लावायचं नाही.